हावऱ्या घास घेईना

हावऱ्याने दुपारचे सगळे जेवण चष्मेवाल्यांच्या डाव्या बुटात परत केले, तेव्हा चष्मेवाले उजवा बूट घालून डावा शोधत होते.

ओरडणे नाही, उचक्या नाहीत, पोट आवळणे नाही. कुत्र्याने मान खाली घातली, तोंड उघडले आणि जेवण जसे गेले होते तसेच बाहेर आले. लांबट आणि अखंड, टूथपेस्ट पिळल्यासारखे. मग उसनवारी फेडून मोकळ्या झालेल्या माणसाच्या चेहऱ्याने तो बाजूला झाला.

"सापडला का बूट?" बाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"सापडला. पण आता पाय घालण्यासारखा राहिला नाही."

बाई येऊन बघून गेल्या. "फरशी वाचली म्हणायची."

"फरशी वाचली! आणि बूट?"

"बूट दाराशी काढायचे असतात. जेवणाच्या टेबलाखाली नाही. लग्न झाल्यापासून सांगतेय."

"लग्न झाल्यापासून तू दुसरं काही सांगितलंयस का?"

चष्म्याचे दुकान खाली होते आणि घर वर. दुपारी दुकानाचे दार ओढून घेऊन नवरा-बायको वर येत, समोरासमोर जेवायला बसत आणि पहिल्या घासाबरोबर भांडायला लागत. भांडणाला कारण लागते ही नवशिक्यांची समजूत. या दोघांना एक खिडकी पुरे. उघडी असली तर का उघडी, आणि बंद असली तर बंद कुणी केली. आवाज चढत, चमचे आपटत, जुनी मढी उकरली जात. जेवण संपले की दोघे तोंड धुऊन खाली जात आणि गिऱ्हाइकांशी इतके गोड बोलत की लोक या जोडप्याचे दाखले देत.

हावऱ्याही त्याच वेळी टेबलाखाली जेवत असे. त्याला लेकीने आणले होते आणि नावही तिनेच ठेवले होते, कारण पिल्लू असताना खाऊन झाल्यावर त्याने वाटीही खायला घेतली होती. "कुत्रा या घरात आला तर मी बाहेर जाईन," असे चष्मेवाल्यांनी तेव्हा बजावले होते. कुत्रा आला. चष्मेवाले बाहेर गेले ते फक्त सकाळ-संध्याकाळ, त्याला फिरवायला. पुढे लेक दूरच्या एका बंदराच्या शहरात गेली, तिथे तिने फुलांचे दुकान काढले आणि कुत्रा मागे राहिला.

बुटापाठोपाठ एका गिऱ्हाइकाची पिशवी झाली. मग एका आजोबांची, दुकानात वाळत ठेवलेली उघडी छत्री. हाव पूर्वीइतकीच, पण अंगी काही लागेना. फिरायला नेले की वाटेत खोकला येई. चष्मेवाले सकाळी कुणी बघत नाही असे पाहून त्याच्या कुशीवरून हात फिरवत, आणि बरगड्या बोटांना कालच्यापेक्षा जास्त लागल्या की दिवसभर येईल त्याच्यावर खेकसत.

"कुत्र्याचं काय ते बघा एकदा," बाई म्हणाल्या.

"मीच बघायचं का?"

शेवटी दोघेही गेले.

कोपऱ्यावरचे गुरांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांनाही बघत. त्यांनी हावऱ्याचा गळा चाचपला आणि विचारले, "ओकतो, की नुसतं बाहेर येतं?"

"ओकतो," चष्मेवाले म्हणाले.

"नुसतं बाहेर येतं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आधी पोट आत-बाहेर होतं का? लाळ गळते?"

"होतं."

"नाही होत."

"अगं, मी तिथं समोर होतो!"

"तुमचं लक्ष बुटाकडे होतं."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि उरलेले प्रश्न कुत्र्याला विचारल्यासारखे विचारले. पोटात गेलेले उलटून येणे वेगळे आणि पोटापर्यंत न पोचताच परत फिरणे वेगळे, आणि हे दुसरे असावे, असे त्यांचे मत पडले. औषध दिले. गुण आला नाही. छातीचा एक्स-रे काढला. त्यात हावऱ्याचा सांगाडा सुरेख आला होता आणि बाकी काही नव्हते.

"असं कसं काही नाही?" चष्मेवाले चिडले.

"अहो, अन्ननलिका म्हणजे रस्ता. रिकाम्या रस्त्याचा फोटो काढून रहदारी कुठं तुंबते ते कळेल का? तो गिळत असताना चालता-फिरता एक्स-रे काढायला हवा. ते यंत्र मोठ्या दवाखान्यात आहे." मग डॉक्टरांनी आवाज उतरवला. "टाळू नका. हे परत येणारं खाणं एखाद दिवशी श्वासनलिकेत शिरेल आणि फुप्फुसात जाऊन बसेल. खोकला त्याचाच असेल, तर आत्ताच उशीर झालाय. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या दुपारी जेवताना दोघे भांडले, पण भांडणात जीव नव्हता. टेबलाखाली हावऱ्याने अर्धी वाटी तशीच ठेवली. हे दोघांनीही पाहिले, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला नाही.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि तिला आपल्या कामाचे फार प्रेम होते. हे पुढे महागात पडले.

"सोपं आहे, काका," ती म्हणाली. "ही बेरियमची पांढरी पूड खाण्यात कालवायची. ती या चालत्या एक्स-रेत काळी दिसते, त्यामुळे घास कुठून कुठं गेला ते पडद्यावर सिनेमासारखं दिसतं. आधी पातळ द्यायचं, मग मऊ, मग कोरडं. त्यानं फक्त खायचं."

"गुंगीचं औषध देणार का?"

"छे! गुंगीत गिळण्याची तऱ्हाच बदलते. तो जागा हवा, उभा हवा आणि आपल्या मनानं खायला हवा. एवढीच अट."

चष्मेवाले बऱ्याच दिवसांनी हसले. "डॉक्टर, त्याचं नाव हावऱ्या आहे. तुम्ही वाटी सांभाळा."

यंत्राच्या खोलीला खिडकी नव्हती. मधोमध पारदर्शक प्लॅस्टिकची एक अरुंद पेटी होती, कुत्र्याला उभे राहता येईल पण वळता येणार नाही अशी. यंत्रावरचा जाडजूड माणूस पडद्याशी बसला होता. नवरा-बायकोच्या अंगावर शिशाचे झगे आणि गळ्यात शिशाचे पट्टे चढवण्यात आले. चष्मेवाल्यांना त्या वजनाने खांदे पाडून उभे राहावे लागले. हावऱ्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले होते. त्याला पेटीत उभे केले, पुढे त्याची घरची वाटी ठेवली, डॉक्टरणीने जमिनीवरच्या कळीवर पाय ठेवला आणि सगळे श्वास रोखून बघू लागले.

हावऱ्याने वाटीचा वास घेतला. मग सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. मग तोंड फिरवले.

"नवीन जागा आहे," डॉक्टरीण म्हणाली. "रुळेल."

तो रुळला नाही. दिवे मंद केले. पातळ काढून मऊ ठेवले, मऊ काढून पुन्हा पातळ. घरून आणलेले उकडलेले मांस कालवले. बाईंनी "माझं सोनं ते, माझं पिल्लू ते" अशा सुरात आळवले, जो सूर चष्मेवाल्यांनी कधी आपल्या वाट्याला आलेला आठवत नव्हता. यंत्रावरच्या माणसाने तोंडाने मचमच आवाज काढले. हावऱ्या वाटीपाशी उभा राहून पाहुण्यासारखा संकोचला होता.

"मी दाखवतो त्याला," म्हणून चष्मेवाले झग्यासकट गुडघ्यांवर बसले, वाटीत बोट बुडवले आणि चाटले. खडू उगाळून त्यात मांस टाकल्यासारखी चव होती. कुत्र्याच्या जागी उभे राहून विचार केला तर कुत्र्याचे काही चुकत नव्हते. तरी त्यांनी मिशीला पांढरे लावून "वा! वा!" केले. हावऱ्याने पेटीतून जीभ काढून त्यांची मिशी चाटली, आणि वाटीवरून पुन्हा तोंड फिरवले.

"पिचकारीनं तोंडात घाला ना," ते उठता उठता म्हणाले.

"नाही, काका. जबरदस्तीनं घातलेलं फुप्फुसात गेलं तर? आपण त्याच भीतीनं आलोय ना?"

"मग परत केव्हा येऊ?"

डॉक्टरणीने यंत्रावरच्या माणसाकडे पाहिले. त्याने मान हलवली. "यंत्र उद्या उघडायचंय. आतला भाग बाहेरून यायचाय. केव्हा येईल ते देवालाच ठाऊक."

चष्मेवाल्यांनी पेटीच्या फटीतून हात घातला. बोटांना बरगड्या लागल्या. आज तर मोजता येतील अशा लागल्या. जन्मभर लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून खपलेल्या या माणसाला त्या खोलीत एवढेच स्पष्ट दिसत होते, की कुत्रा हातचा चालला आहे आणि त्याला नुसते एकदा जेवायला लावणेही आपल्याला जमत नाही.

"एक सांगा," डॉक्टरीण म्हणाली, "घरी कसा जेवतो तो? तेव्हा काय चालू असतं? टीव्ही? गाणी?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. मग दोघांनी जमिनीकडे पाहिले.

"काही नाही," चष्मेवाले म्हणाले. "आम्ही जेवत असतो."

"आणि बोलत असतो," बाई म्हणाल्या.

"बोलत असतो. जरा मोठ्यानं."

"किती मोठ्यानं?"

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नव्हता. "भांडतो," बाईंनी सांगून टाकले. "रोज. जेवण संपेपर्यंत."

डॉक्टरणीचा चेहरा उजळला. "मग भांडा ना!"

"इथं?"

"लोकांसमोर?"

"काकू, आम्ही लोक नाही हो, आम्ही दवाखाना आहोत. भांडा बिनधास्त."

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "अगं, ही खिडकी कुणी उघडी ठेवली?"

खोलीला खिडकी नाही हे त्यांच्या उशिरा लक्षात आले. पण बाई समंजस होत्या. "चुकलं हं माझं," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य चष्मेवाले पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे काय बोलायचे असते हे त्यांना सुचेना. "बरं, बरं," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी."

हावऱ्याने जांभई दिली.

"तुम्ही बूट टेबलाखाली काढता," बाईंनी धागा उचलला.

"काढतो खरा. नाही काढणार."

"काका, असं नाही," डॉक्टरीण काकुळतीला आली. "त्याला खोटं कळतंय."

आणि इथे यंत्रावरच्या माणसाने मदत करायचे ठरवले. "काकू, मी काय म्हणतो," तो भलेपणाने म्हणाला, "घर म्हटलं की बूट इकडं-तिकडं व्हायचेच. त्यात काकांचं काय चुकलं?"

बाई सावकाश त्याच्याकडे वळल्या. "तुमच्या घरी कोण उचलतं?"

"बायको."

"हं," बाई म्हणाल्या.

हा 'हं' चष्मेवाल्यांच्या चांगला ओळखीचा होता. त्यांनी नकळत एक पाऊल मागे घेतले.

"बुटाचं राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि आता त्या कुणासाठी बोलत नव्हत्या. "बूट काहीच नाहीत. हा माणूस सगळ्या दुनियेला अंधाऱ्या खोलीत बसवून विचारतो, 'आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?' प्रत्येक भिंगाला विचारतो. न कंटाळता. मला विचारलंत कधी? एकदा तरी? आता बरं आहे, की आधीचं बरं होतं?"

"तुला विचारायला तू गप्प कधी बसतेस?" चष्मेवाले उसळले.

पेटीतून चपचप आवाज आला.

"खातोय!" डॉक्टरीण कुजबुजली आणि तिने कळ दाबली. पडद्यावर राखाडी हाडांच्या मधून एक काळी धार जिभेवरून घशात, घशातून छातीत सरसर उतरत गेली. "सुरेख! आता मऊ देते. थांबू नका!"

थांबायचे आता कुणाच्या हातात नव्हते.

"काय कमी केलं मी तुला? दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, मालकिणीसारखं!"

"गल्ल्यावर बसवलंत! जन्मभर डोळे बारीक करून माझ्याकडे बघणारी माणसं पाहिली मी. मला आता फुलं न्यायला आलेली माणसं बघायचीत."

"फुलं? कुठली फुलं?"

"लेकीच्या दुकानातली. मी जाणार आहे तिच्याकडे."

"जा की! चार दिवस जाऊन ये, कोण अडवतंय?"

"चार दिवस नाही. राहायला. तिला दुकानात माणूस हवंय आणि मला दुसरं दुकान हवंय. परत कधी यायचं ते मी ठरवलेलं नाही."

चष्मेवाले गप्प झाले. रुसून गप्प होण्याची तऱ्हा वेगळी असते. हे नुसतेच आवाज संपल्यासारखे होते. शिशाचा झगा एकाएकी दुप्पट जड झाला.

पेटीतले चावणेही थांबले. पडद्यावर एक काळा गोळा हावऱ्याच्या घशाच्या तोंडाशी येऊन जागच्या जागी बसून राहिला.

"काका," डॉक्टरणीची नजर पडद्याला खिळली होती, "बोला ना. घास अडकलाय."

तो एकट्या कुत्र्याचा अडकला नव्हता. "केव्हा ठरवलंस?" त्यांनी हळूच विचारले.

गोळा हलला नाही.

"मोठ्यानं, काका!"

"केव्हा ठरवलंस?" चष्मेवाले ओरडले.

गोळा खाली उतरला. "उत्तम!" डॉक्टरीण म्हणाली.

"बरेच दिवस झाले!" बाईही ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्याही कुत्र्याकडे बघत होत्या आणि आवाज खाली येऊ देत नव्हत्या. "बरेच दिवस झाले आणि तुम्हाला पत्ता नाही!"

"फक्त कोरडं राहिलं," म्हणत डॉक्टरणीने दाणे ओतले.

चष्मेवाल्यांना दोनच शब्द बोलायचे होते. 'जाऊ नकोस.' पण हे शब्द ओरडून म्हणायचे नसतात. तरी त्यांनी बरगड्या आठवल्या, छातीत हवा भरली आणि ओरडून पाहिले. "जाऊ नकोस!" आवाज मध्येच चिरकला. हावऱ्याने दाण्यांवरून मान वर केली आणि त्यांच्याकडे कान टवकारून बघत राहिला.

"काका, ही विनवणी झाली," यंत्रावरचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला. "त्याला कळतं."

एकीकडे बायको होती आणि एकीकडे कुत्रा, आणि दोघांसाठी लागणारे शब्द एकमेकांच्या उलटे होते. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले.

"जा!" ते गरजले. "खुशाल जा! माझं काही अडत नाही! उद्या जायची ती आज जा!"

कुडुम-कुडुम आवाज आला. दाणे एकामागून एक काळ्या ठिपक्यांनी खाली गेले, गेले, गेले. आणि मग पोटाचा वरचा कोपरा छाती-पोटाच्या मधल्या पडद्यातून छातीत डोकावला, त्यातून काळी लाट उलटी फिरली आणि थेट गळ्यापर्यंत चढून आली.

"सापडलं!" डॉक्टरणीने टाळी वाजवली. "दिसलं का? जठर वर सरकतंय! काका, काकू, तुम्ही कमाल केलीत!"

दिवे लागले. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. काकू शिशाच्या झग्याला डोळे पुसत होत्या, आणि त्याने काही पुसले जात नव्हते. डॉक्टरणीची टाळी हवेतच विरली.

"मला... मला वाटलं तुम्ही कुत्र्यासाठी बोलताय," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटत होतं," चष्मेवाले म्हणाले.

मग यंत्राने टिपलेली चित्रफीत दोघांना शेजारी बसवून दाखवण्यात आली. तिला आवाज नव्हता, ही देवाची कृपा. पण चष्मेवाल्यांना आवाजाची गरज पडली नाही. घशाशी थबकलेला गोळा बघताच त्यांनी ओळखले की ही लेकीकडे जाण्याची बातमी. तो खाली उतरला तो 'केव्हा ठरवलंस'ला. आणि ती काळी लाट उलटी फिरली तेव्हा डॉक्टरीण बोटाने दाखवून समजावत होती, "इथं बघा, इथं नेमकं बिघडलं," आणि चष्मेवाले मान हलवत होते.

"ऑपरेशनची घाई नको," ती म्हणाली. "औषध देते. खाणं मऊ, थोडं थोडं, वाटी उंचावर. खाल्ल्यावर काही वेळ त्याला उभं धरायचं, पुढचे पाय खांद्यावर घेऊन. आणि..." ती अडखळली. "आणि जेवताना आवाज नको. तुम्ही भांडता तेव्हा तो घाबरून घाईनं गिळतो, त्याबरोबर हवाही गिळतो. मग ते सगळं वर येतं."

"पण मग तो जेवणारच नाही!" बाई म्हणाल्या. "बघितलंत ना आत्ता?"

"मी त्याचाच विचार करत होते. आपण सगळे आत्ता टक लावून त्याच्याकडे बघत होतो. तुम्ही भांडायला लागलात आणि तुमचं लक्ष उडालं, तेव्हा त्यानं तोंड घातलं. त्याला भांडण नको असावं, काकू. त्याच्याकडे कुणी बघायला नको असेल. वाटी ठेवा आणि दाराआड जा. करून बघा."

बाहेरच्या बाकावर दोघे बसले. पोट भरलेले होते, म्हणून कुत्र्याला उभे धरणे भाग होते. चष्मेवाल्यांनी त्याचे पुढचे पाय आपल्या खांद्यावर घेतले आणि बाईंनी मागून त्याला आधार दिला. दोघांच्या मधोमध हावऱ्या माणसासारखा ताठ उभा होता, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. त्यातल्या त्यात ते बरे होते.

"मी जा म्हणालो ते हावऱ्यासाठी," चष्मेवाले कुत्र्याच्या कानाआडून म्हणाले.

"माहीत आहे मला."

त्यांना जरा धीर आला. "आणि तू म्हणालीस ते?"

"मी खरं बोलले."

हावऱ्याने एक ढेकर दिली. खाली काही पडले नाही.

"तिकीट काढलंयस?"

"काढलंय."

"मला सांगणार होतीस?"

"रोज दुपारी सांगायला म्हणून बसायचे," बाई म्हणाल्या. "मध्येच खिडकी निघायची."

यावर चष्मेवाल्यांना पुष्कळ बोलता आले असते. पण कुत्रा नुकताच जेवला होता.

बाई गेल्या. जाताना त्यांनी औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, मऊ खाणे कसे शिजवायचे ते दोनदा सांगितले आणि बूट दाराशी काढायला तीनदा सांगितले. गाडी हलली तेव्हा चष्मेवाल्यांनी हात केला. आपण 'आता बरं आहे का' असे विचारायला हवे होते, हे त्यांना दुकानात परतल्यावर, एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंग धरल्यावर आठवले. गिऱ्हाईक म्हणाले, "आधीचं बरं होतं." चष्मेवाल्यांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केले.

डॉक्टरणीचे म्हणणे मात्र शब्दन्‌शब्द खरे ठरले. चष्मेवाले आतल्या खोलीत स्टुलावर वाटी ठेवत, दाराआड जाऊन भिंतीकडे बघत उभे राहत, आणि थोड्याच वेळात वाटी चाटल्याचा आवाज येई. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग ते त्याचे पाय खांद्यावर घेऊन त्याला उभे धरत. नाच सुरू व्हायची वाट बघणाऱ्या जोडप्यासारखे दोघे तसे उभे असत. खोकला गेला. बरगड्या एकेक करून बुजल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तोंडात बोट घातले.

वाळत चालले ते चष्मेवाले. दुपारी ते टेबलाशी बसत, घास तोंडात घालत, आणि घास तिथेच राही. चावून चावून त्याचा चोथा होई, पण घशाखाली उतरेना. पाण्याचा घोट घेतला तरी उतरेना. कमरेचा पट्टा पुढच्या भोकावर गेला, मग त्याच्याही पुढच्या. रिकाम्या खुर्चीसमोर ते ताट पुढ्यात घेऊन बसत आणि थोड्या वेळाने झाकून ठेवत.

अशाच एका दुपारी फोन वाजला.

"हावऱ्या?" पलीकडून बाईंनी विचारले.

"जेवतोय, आतल्या खोलीत. व्यवस्थित आहे. वजन वाढलंय."

"वर येत नाही ना काही?"

"नाही."

"आणि तुम्ही? जेवलात?"

"हो. म्हणजे, बसलोय ताटावर."

"मग जेवा की."

चष्मेवाल्यांनी घास गालात सरकवला. खोटे बोलायचेही त्राण नव्हते. "उतरत नाही गं," ते म्हणाले.

बाईंच्या मागे कुणीतरी पांढऱ्या फुलांचा भाव विचारत होते. लेकीचे हसणे ऐकू आले. बराच वेळ तेवढेच.

"मागं कसला आवाज येतोय?" बाईंनी एकदम विचारले. "टप टप?"

"नळ असेल."

"असेल म्हणजे? गळतोय?"

"गळतोय थोडा."

"किती दिवस?"

"झाले असतील काही..."

"काही दिवस नळ गळतोय आणि तुम्ही समोर बसून बघताय? वॉशर बदलायला काय मी येऊ तिकडून?"

"बघतोय म्हणजे?" चष्मेवाल्यांचा आवाज आपोआप चढला. "दुकान कोण बघतं? कुत्र्याला कोण धरून उभं राहतं? मला काय दहा हात आहेत?"

"दोन आहेत ना? त्यातला एक तरी हलवा!"

"तू तिथं फुलांत बसून मला शिकवू नकोस! जरा थांब."

ते पाय न वाजवता उठले, आतल्या खोलीचे दार हळूच ओढून घेतले, कडी लावली आणि परत येऊन बसले. "हां. बोल आता. काय म्हणत होतीस?"

"म्हणत होते की तुम्ही जन्मात सुधारणार नाही!"

"आणि तू? जाताना चमचे कुठं ठेवलेस? मी हातानं वाढून घेतोय!"

"डोळ्यांसमोर आहेत! चष्मेवाल्यांनाच दिसत नाहीत!"

तोंडात कधीपासून धरून ठेवलेला घास चष्मेवाल्यांच्या घशाखाली सरकन उतरला. त्यांनी दुसरा घेतला. तोही गेला.

"आणि ऐका," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता, की दुसरे काही होते, ते फोनवर नीट कळत नव्हते. "मी काही इतक्यात परत येणार नाही!"

"येऊच नकोस!" चष्मेवाले भरल्या तोंडाने ओरडले, आणि फोन खांद्याशी दाबून धरत त्यांनी भाताचे पातेले पुढे ओढले.